क्षेत्रीय चित्रणात लॉग प्रोफाइलचा निर्णय : अणदूरच्या खंडोबाच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

अणदूर हे धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील, सोलापूर–हैदराबाद मार्गावरचे गाव. तेथील खंडोबाचे स्थान महाराष्ट्रातील इतर खंडोबा-क्षेत्रांहून एका बाबतीत निराळे आहे. येथे देव एक आणि गावे दोन. वर्षातील सुमारे सव्वादहा महिने देवाचा मुक्काम अणदुरास असतो. उरलेले सुमारे पावणेदोन महिने तो नळदुर्गाजवळच्या मैलारपुरास राहतो. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस अणदूरची यात्रा होते आणि रात्री देव मैलारपुरास जावयास निघतो. पौष पौर्णिमेस मैलारपूरची यात्रा भरते आणि पुढे देव अणदुरास परततो. देव नेण्याआणण्याविषयी दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत लेखी करार करण्याची प्रथा आहे.

भाषेच्या अभ्यासकास या उत्सवात तीन गोष्टींचे विशेष अगत्य वाटावे. पहिली, वाघ्या-मुरळींचे जागरण : तुणतुणे, दिमडी आणि घोळ यांच्या साथीने रात्रभर चालणारे पद, कथन आणि संवाद यांचे मिश्रण. दुसरी, सीमेवरची भाषा. मैलार हे कानडी मुलखात रूढ असलेले याच दैवताचे नाव. 'येळकोट' या घोषाची व्युत्पत्तीही कानडी 'एळु कोटि' म्हणजे सात कोटी अशी सांगितली जाते. रा. चिं. ढेरे यांनी आपल्या ग्रंथास 'दक्षिणेचा लोकदेव खंडोबा' हे नाव दिले ते अन्वर्थक होय. गुंथर सोन्थायमर यांच्या संशोधनातही हे दैवत मराठी, कानडी आणि तेलुगू प्रदेशांस जोडणारे म्हणूनच येते. तिसरी गोष्ट म्हणजे तो करार. बोललेला शब्द लेखी शब्दात कसा उतरतो, कोणाच्या तोंडी कोणते संबोधन येते, हे पाहण्याची अशी संधी क्वचित मिळते.

आज असा प्रसंग केवळ ध्वनिमुद्रित करून भागत नाही. ओठांची हालचाल, हातवारे, श्रोत्यांचा प्रतिसाद, कोणता शब्द कोणाकडे पाहून उच्चारला, हे सारे भाषिक सामग्रीचाच भाग मानले जाते. म्हणून विद्यार्थी कॅमेरा घेऊन जातो आणि कॅमेऱ्याच्या मेनूत त्यास 'लॉग' नावाचा एक पर्याय आढळतो. पूर्वी केवळ चित्रपटासाठी बनविलेल्या महागड्या कॅमेऱ्यांत असलेली ही सोय आता मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यांत आली आहे. २०२३ सालापासून ती आयफोनच्या काही प्रतिमानांतही उपलब्ध झाली. त्याबरोबरच एक सल्लाही सर्वत्र पसरला आहे : 'लॉगमध्ये घेऊन ठेवा, रंगांचे नंतर पाहता येईल.' देवाचे प्रस्थान वर्षातून एकदाच होते. तेथे चुकलेले चित्रण पुन्हा घेता येत नाही. म्हणून या सल्ल्याची नीट तपासणी होणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखात प्रथम लॉग म्हणजे काय हे सांगून, नंतर अणदूरच्या प्रत्यक्ष प्रसंगांस तो कितपत लागू पडतो याचा विचार केला आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : लॉग ही चित्रणाची वरची प्रत नव्हे, ती चित्रणातील एक निर्णय पुढे ढकलण्याची रीत आहे. पुढे ढकललेला निर्णय घेणारे कोणी असेल तरच तिचा लाभ होतो.

२. लॉग म्हणजे काय

कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडणारा प्रकाश दुप्पट झाला की त्यातून निघणारा संकेतही दुप्पट होतो. मानवी डोळ्याचे असे नसते. एका दिव्याशेजारी दुसरा लावला असता जेवढा फरक जाणवतो, तेवढा शंभर दिव्यांत एकाची भर पडल्याने जाणवत नाही. फरकापेक्षा गुणोत्तर जाणवते. ध्वनिविज्ञानाच्या विद्यार्थ्यास हे तत्त्व नवे नाही. ध्वनीची तीव्रता डेसिबलमध्ये मोजावयाची ती याच कारणाने. छायाचित्रणात प्रकाशाच्या प्रत्येक दुपटीस 'स्टॉप' म्हणतात. तो प्रकाशाचा डेसिबलच होय असे म्हटले तरी चालेल.

संवेदकाचा संकेत आहे तसाच आकड्यांत नोंदविला तर काय होते ते पाहावे. दहा बिटांत १,०२४ आकडे मिळतात. त्यांपैकी सर्वांत उजळ स्टॉपला ५१२, त्याखालच्यास २५६, पुढच्यास १२८ अशी वाटणी होते आणि दहाव्या स्टॉपला जेमतेम एक आकडा उरतो. उजेडातील बारीक छटांवर, ज्या डोळ्यास वेगळ्या भासतही नाहीत, निम्मी संपत्ती खर्च होते आणि सावलीच्या वाट्यास काहीच येत नाही. लॉग-वक्राचे काम ही वाटणी समान करण्याचे आहे. सोनी कंपनीच्या एस-लॉग३ या वक्राचे उदाहरण घेतल्यास, खोल सावलीचा भाग सोडता, प्रत्येक स्टॉपला दहा बिटांत सुमारे ७९ आकडे मिळतात. कॅननचा सी-लॉग, पॅनासॉनिकचा व्ही-लॉग आणि ॲरी कंपनीचा लॉग-सी हे वक्र तपशिलात भिन्न असले तरी त्यांचे तत्त्व एकच आहे.

ही कल्पना जुनीच आहे. फिल्मवर उमटणारी घनता प्रकाशमात्रेच्या लॉगरिदमशी कशी बदलते, हे दाखविणारा वक्र हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० सालीच मांडला होता. फिल्मवरील चित्र संगणकात उतरविण्यासाठी कोडॅक कंपनीने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात 'सिनिऑन' ही पद्धती प्रचारात आणली, तीत फिल्मची घनता दहा बिटांत लॉग-प्रमाणावर नोंदविली जाई. आजच्या कॅमेऱ्यांतील लॉग त्याच कुळातला. ध्वनीच्या क्षेत्रातही दूरध्वनीसाठी १९७२ साली स्वीकारलेल्या जी.७११ या आंतरराष्ट्रीय मानकात तेरा-चौदा बिटांचा आवाका अशाच वक्राने आठ बिटांत बसविलेला आहे.

साधे, म्हणजे कॅमेऱ्याने रंग बसवून दिलेले चित्रणही सरळ प्रमाणावर नसते. त्यासही आपला वक्र असतो. १९९० साली ठरलेल्या रेक.७०९ या मानकास अनुसरून ते घराघरांतील पडद्यांवर तसेच्या तसे नीट दिसावे, अशी त्याची योजना आहे. मात्र पडद्यावर न मावणारा उजेड ते कापून टाकते. लॉग तो राखून ठेवतो. म्हणूनच लॉगमधील चित्र साध्या पडद्यावर धुरकट, फिकट आणि निस्तेज दिसते. तो त्याचा दोष नव्हे. ते चित्र पाहण्यासाठी नसून पुढील कामासाठी आहे. त्यावर योग्य तो उलट वक्र चढवावा लागतो. हा वक्र ज्या तक्त्याच्या रूपाने साठविलेला असतो त्यास व्यवसायात 'लट' म्हणतात. लट चढवून पुढे छटा हाताने जुळविण्याचे जे काम, ते 'ग्रेडिंग'.

३. सूक्ष्म लेखन आणि स्थूल लेखन

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास हा भेद आपल्या शास्त्रातील एका परिचित भेदावरून चटकन ध्यानात येईल. उच्चाराचे लेखन दोन रीतींनी करता येते. स्थूल लेखनात भाषेच्या वर्णव्यवस्थेत अर्थभेद करणारे तेवढेच नोंदवावयाचे. सूक्ष्म लेखनात स्वराची किंचित दीर्घता, व्यंजनाबरोबर सुटणारा श्वास, नासिक्याची छटा हेही टिपावयाचे. स्थूल लेखनात विश्लेषणाचा निर्णय नोंद करतानाच घेतलेला असतो. सूक्ष्म लेखनात तो पुढे ठेवलेला असतो.

साधे प्रोफाइल हे स्थूल लेखन होय आणि लॉग हे सूक्ष्म. पहिल्यात प्रकाशातील काय ठेवावे, काय टाकावे, पिवळा किती पिवळा दाखवावा, हे कॅमेरा त्या क्षणीच ठरवून टाकतो. दुसऱ्यात हे सर्व नंतर ठरविता येते. पण ठरवावेच लागते. सूक्ष्म लेखनाच्या वह्या भरून ठेवून त्यांचे विश्लेषण कधीच न करणारा अभ्यासक स्थूल लेखन करून व्याकरण लिहिणाऱ्यापेक्षा शास्त्राची अधिक सेवा करतो, असे कोणी म्हणणार नाही. शिवाय सूक्ष्म लेखनास तीक्ष्ण कान लागतो. कान तयार नसता केलेले सूक्ष्म लेखन हे स्थूल लेखनाहूनही घातक, कारण त्यात अचूकपणाचा केवळ आभास असतो.

४. आठ बिट आणि दहा बिट

कानाची जागा येथे कॅमेऱ्याच्या बिट-संख्येस आहे. दहा बिटांत स्टॉपला ७९ आकडे देणारा वक्र आठ बिटांत केवळ २० आकडे देतो. ग्रेडिंगमध्ये चित्राचा विरोध वाढविताना हे वीस आकडे ताणले जातात आणि त्यांच्यामधील फटी डोळ्यांस दिसू लागतात. मोकळे आकाश किंवा चुन्याची भिंत यांवर छटांचे पट्टे उमटतात.

अंधाऱ्या प्रसंगी स्थिती याहूनही बिकट होते. एस-लॉग३ मध्ये पूर्ण काळा हा दहा बिटांतील ९५ या आकड्यावर, तर मध्यम करडा, म्हणजे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारा पृष्ठभाग, ४२० या आकड्यावर बसतो. त्यावरचा सारा प्रदेश उजेडासाठी राखलेला आहे. ज्या दृश्यात मध्यम करड्याहून उजळ असे फारसे काही नाही, त्यात हा राखीव प्रदेश रिकामा पडून राहतो आणि सर्व चित्र ९५ ते ४२० यांमध्ये कोंबले जाते. आठ बिटांत हे अंतर अवघ्या ८१ आकड्यांचे आहे. चेहरा, ओठ, हात, वाद्ये, मागचे श्रोते, सर्वांनी मिळून ८१.

या संख्यांवरून पहिला नियम निघतो. कॅमेरा आपल्या आत दहा बिटांचे मुद्रण करीत नसेल, तर लॉगचा विचार तेथेच सोडून द्यावा. केवळ मेनूत पर्याय आहे एवढ्याने तो वापरण्याजोगा ठरत नाही. काही लोकप्रिय कॅमेऱ्यांत लॉग आहे, पण अंतर्गत मुद्रण आठ बिटांचेच आहे.

५. अणदूरचे तीन प्रसंग

सामान्य नियम सांगून झाल्यावर आता प्रत्यक्ष प्रसंगांकडे वळावयास हवे. निर्णय अणदुरास जाण्यापूर्वी एकदाच घ्यावयाचा नसून प्रसंगागणिक घ्यावयाचा आहे.

(अ) दुपारचा भंडारा. यात्रेच्या दिवशी उघड्यावर भंडारा उधळला जातो. हळदीचा पिवळा रंग हा कॅमेऱ्याच्या कसोटीचा रंग होय. त्यात तांबडा आणि हिरवा हे दोन घटक अतिशय प्रबळ असतात, निळा जवळजवळ नसतोच. भर उन्हात तांबडा घटक कमाल मर्यादेस प्रथम पोहोचतो, हिरवा त्याच्या मागोमाग जातो, आणि साध्या चित्रणात हळदीचा दाट पिवळा लिंबासारखा फिका होत होत पांढुरका होतो. उधळलेल्या भंडाऱ्याचे कण, चेहऱ्यावर बसलेला त्याचा थर, कपाळावरचा मळवट, सारे एका सपाट डागात विरून जाते. पांढरी टोपी, सावळा चेहरा, देवळाच्या ओवरीतील सावली आणि बाहेरचे ऊन हे एकाच चौकटीत येतात. प्रकाशाचा असा आवाका साध्या प्रोफाइलला पेलत नाही. लॉग नेमका याच प्रसंगासाठी आहे.

तथापि उन्हात लॉग वापरणे सोपे नाही. लॉगमध्ये कॅमेऱ्याची संवेदनशीलता एका ठरावीक मर्यादेखाली सहसा उतरविता येत नाही. कित्येक कॅमेऱ्यांत ती ८०० आयएसओच्या आसपास असते. स्वच्छ उन्हाचा जुना ठोकताळा असा की १०० आयएसओला शटर सेकंदाचा शंभरावा भाग आणि भिंगाचे छिद्र एफ/१६ ठेवावे. ८०० आयएसओ म्हणजे तीन स्टॉप अधिक; शटर पन्नासाव्या भागावर आणले की आणखी एक. म्हणजे छिद्र एफ/६४ हवे, जे बहुतेक भिंगांत नसतेच. एफ/४ वर चित्रण करावयाचे तर आठ स्टॉप, म्हणजे २५६ पट प्रकाश अडविणारा एनडी फिल्टर हवा. तो पिशवीत नसेल तर ऐन वेळी शटरचा वेग फार वाढवावा लागतो, आणि मग उडणारा भंडारा व दिमडीवर पडणारी बोटे तुटक, झटके देत हलताना दिसतात.

(आ) रात्रीचे जागरण. येथे प्रश्न उलटा होतो. दिवटीची ज्योत, एखादी ट्यूब, मंडपातील रंगीत दिवे आणि बाकी अंधार. ज्योत आणि चेहरा यांच्यातील अंतर अफाट असल्याने येथे लॉग हवाच, असे प्रथमदर्शनी वाटते. पण भाषेच्या अभ्यासकाने स्वतःस विचारावे की या दृश्यात आपली सामग्री कोठे आहे. ज्योतीत भाषिक सामग्री नाही. ती पांढरी होऊन कापली गेली तरी काही बिघडत नाही. सामग्री आहे ती वाघ्याच्या ओठांत, मुरळीच्या हातवाऱ्यांत, टाळी देणाऱ्या श्रोत्याच्या नजरेत. आणि हे सर्व अंधाऱ्या भागात आहे. तेथे प्रकाश अपुरा असल्याने संवेदकाचा गोंगाट, म्हणजे चित्रात सळसळणारे दाणे, अगोदरच जास्त असतो. लॉग घेऊन नंतर तो भाग उजळविला की दाणेही उजळतात. ओठ्य आणि दंत्योष्ठ्य यांतील भेद डोळ्यांनी ओळखावयाचा, त्याच जागी चित्र विरघळते.

याला एक अपवाद आहे. काही नव्या कॅमेऱ्यांत संवेदकाची दुसरी, उंच मूळ संवेदनशीलता असते आणि तीवर लॉगमधील रात्रीचे चित्रणही बरेच स्वच्छ येते. असा कॅमेरा हाती असल्यास आणि त्याची आधी परीक्षा घेतलेली असल्यास निर्णय बदलू शकेल. अन्यथा जागरणासाठी साधे प्रोफाइलच योग्य. रंगाचा समतोल कॅमेऱ्याच्या मर्जीवर न सोडता आधी ठरवून पक्का करावा, आणि प्रकाशमात्रा ज्योतीकडे न पाहता चेहऱ्याकडे पाहून ठरवावी.

(इ) करार आणि प्रस्थान. कराराच्या प्रसंगी कागद पांढरा, चेहरे सावळे आणि दिवा एखादाच. येथे प्रकाशाचा आवाका मध्यम असतो. साधे प्रोफाइल तो सांभाळते. शिवाय हा प्रसंग अल्पावधीचा आहे. तो चालू असता कॅमेऱ्याच्या पडद्यावर फिकट, फसवे चित्र पाहत प्रकाशमात्रेचा अंदाज बांधीत बसण्यापेक्षा, कोण बोलतो आहे याकडे लक्ष असणे हिताचे. प्रस्थान तर शुद्ध प्रतिपदेच्या रात्रीचे. अमावास्या नुकतीच सरलेली असते. चांदण्याचा आधार मुळीच नसतो. पालखीभोवतीचे दिवे, धावती गर्दी आणि दाट काळोख यांत लॉगला देण्यासारखे फारसे काही उरत नाही.

दोन टोकांमधील एक मार्गही सांगावयास हवा. बीबीसी आणि जपानची एनएचके या दोन प्रसारण-संस्थांनी मिळून 'एचएलजी' नावाचा वक्र सिद्ध केला, तो २०१५ पासून मानक म्हणून प्रचारात आला. त्यात उजेडाचा भाग लॉगसारखा दाबलेला असतो, पण चित्र साध्या पडद्यावरही पाहण्याजोगे राहते. दहा बिटांची सोय आहे, पण ग्रेडिंग करणारा मिळण्याची खात्री नाही, अशा ठिकाणी तो विचारार्ह होय.

६. ध्वनीचे स्थान

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे. लॉगचा ध्वनीवर काहीही परिणाम होत नाही. भाषिक सामग्रीचा गाभा मात्र ध्वनीतच असतो. चित्र फिके आले तरी जागरणाचे पद लिहून काढता येते. ध्वनी फाटला तर उत्तम रंगांचे चित्रही मुके ठरते. तुणतुण्याची तार, दिमडीचा आघात आणि मानवी कंठ यांचा एकत्र आवाका मोठा असतो. म्हणून वेगळ्या मुद्रकावर, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ या प्रमाणात, न दाबलेले ध्वनिमुद्रण करणे हे लॉगच्या प्रश्नाहून आधीचे कर्तव्य आहे. दोनच माणसे अणदुरास जाणार असतील, तर एकाने कानाला हेडफोन लावून ध्वनीकडे पाहावे. दुसऱ्याचे सारे लक्ष लॉगची प्रकाशमात्रा सांभाळण्यात जाणार असेल, तर साध्या प्रोफाइलने जेवढे लक्ष मोकळे होते, तेवढे संशोधनास लाभते.

७. संग्रहाची बाजू

लॉगच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद संग्रहाचा आहे : पुढील पिढ्यांसाठी अधिकात अधिक माहिती राखून ठेवावी. हा युक्तिवाद खरा आहे. पण तो पूर्ण नाही. त्याची अपुरी बाजू ग्रामोफोनच्या इतिहासावरून कळते.

तबकडीवर मुद्रण करताना खालचे स्वर दाबून आणि वरचे उचलून कोरले जात. वाजविताना त्याच्या उलट वक्र लावावा लागे. १९५४ साली अमेरिकेत या वक्राचे एक मानक ठरले. त्यापूर्वी निरनिराळ्या कंपन्यांचे वक्र निरनिराळे होते, आणि कोणत्या तबकडीस कोणता वक्र हे ठाऊक नसल्यास आवाज बसका किंवा कर्कश होतो. वेगाचेही तसेच. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या निमित्ताने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतीय भाषांची ग्रामोफोन-मुद्रणे झाली. अशी मुद्रणे आज ऐकताना तबकडी मूळ वेगाने फिरली नाही, तर स्वरांची उंची आणि त्यांचे अनुनाद दोन्ही सरकतात; ध्वनिविज्ञानाच्या मोजमापास ती निरुपयोगी होतात. मुद्रणात माहिती असते, पण ती वाचण्याची किल्ली हरवलेली असते.

लॉगचे चित्रण म्हणजे अशीच किल्लीवाली तबकडी होय. कोणत्या कंपनीचा, कोणत्या आवृत्तीचा वक्र, कोणता रंगविस्तार, कोणती मूळ संवेदनशीलता, प्रकाशमात्रा मुद्दाम किती स्टॉप वर ठेवली होती, एवढी नोंद प्रत्येक फाइलीसोबत नसेल, तर तीस वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्यास करडे धुके दिसेल. भंडारा कोणत्या पिवळ्याचा होता, हे त्यास कोण सांगणार? म्हणून लॉग घ्यावयाचे ठरल्यास प्रत्येक प्रसंगाच्या आरंभी मध्यम करड्याचे कार्ड आणि रंगपट्टी क्षणभर कॅमेऱ्यासमोर धरावी. त्या दिवशीचा चिमूटभर भंडारा कागदाच्या पुडीत बांधून अंधाऱ्या जागी ठेवावा, कारण हळदीचा रंग उजेडात उडतो. ग्रेडिंगच्या वेळी पडद्याशेजारी तो ठेवता येईल. संग्रहात मूळ फाइल, वापरलेली लट आणि रंग बसवून तयार केलेली प्रत ही तिन्ही एकत्र ठेवावीत.

जागेचाही हिशेब आहे. सेकंदास १०० मेगाबिट या गतीने तासाच्या चित्रणास ४५ गिगाबाइट लागतात. सहा तासांच्या जागरणास २७०. दहा बिटांसाठी गती २०० मेगाबिट धरल्यास तेच ५४० होतात, आणि सुरक्षिततेसाठी दोन प्रती ठेवल्या की एक टेराबाइटच्या वर. ही व्यवस्था जाण्यापूर्वी झालेली असावी. जागरण मध्यरात्री ऐन रंगात असता कार्ड रिकामे करण्यासाठी जुनी फाइल पुसण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

संग्रहाची आणखी एक बाजू आहे, आणि ती बहुधा दुर्लक्षिली जाते. ज्यांचे जागरण चित्रित केले त्यांस त्याची प्रत देणे हे अभ्यासकाचे ऋण आहे. वाघ्या-मुरळींस आपले चित्रण पाहावयाचे असते ते मोबाइलवर, पुढच्या आठवड्यात; पाच वर्षांनंतर ग्रेडिंग होईल तेव्हा नव्हे. त्यांच्या हाती धुरकट, निस्तेज चित्र पडले आणि त्यात भंडाराच पिवळा दिसला नाही, तर 'हे आमच्या देवाचे काम नव्हे' असे त्यांनी म्हटल्यास त्यात नवल नाही. पुढच्या मार्गशीर्षात कॅमेऱ्याचे स्वागत होईल की नाही, हे त्या प्रतीवर अवलंबून असते. लॉग घेतलेच, तर निदान लट चढविलेली एक प्रत आठवड्याच्या आत देण्याची तजवीज हवी.

८. निर्णयाचे निकष

वरील विवेचनाचा निष्कर्ष सहा प्रश्नांत मांडता येईल. कॅमेरा आपल्या आत दहा बिटांचे मुद्रण करतो काय? प्रसंगातील प्रकाशाचा आवाका साध्या प्रोफाइलला खरोखरच न पेलणारा आहे काय? उपयुक्त सामग्री दृश्याच्या उजळ भागात आहे की अंधाऱ्या, आणि अंधाऱ्या असल्यास तेथे पुरेसा प्रकाश आहे काय? चित्रण करणारा पडद्यावरील भासावर न विसंबता झेब्रा-पट्टे किंवा वेव्हफॉर्म वाचून प्रकाशमात्रा ठरवू शकतो काय? ग्रेडिंग कोण करणार, त्या व्यक्तीचे नाव आणि त्यासाठी लागणारे दिवस आजच सांगता येतात काय? आणि मूळ फाइल, लट व नोंदी यांसह दोन प्रती ठेवण्याची सोय आहे काय?

यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी येत असेल, तर साधे प्रोफाइल निवडावे. त्यात कमीपणा नाही. पाचव्या प्रश्नावर विशेष भर द्यावयास हवा. विद्यापीठीय विभागात विद्यार्थी दोन वर्षांनी निघून जातो. 'विभाग पाहून घेईल' हे उत्तर नव्हे. ज्या कामास माणूस नेमलेला नाही ते काम होत नसते, आणि न झालेल्या ग्रेडिंगचे लॉग-चित्रण हे साध्या चित्रणाहून कमी उपयोगाचे असते.

सहाही उत्तरे होकारार्थी आल्यास दुपारच्या भंडाऱ्यासाठी लॉग अवश्य घ्यावा. मात्र त्याची परीक्षा यात्रेत करू नये. महिनाभर आधी जवळच्या एखाद्या देवळात, भर दुपारी आणि दिवेलागणीस, तेच दृश्य पाच-पाच मिनिटे दोन्ही रीतींनी घ्यावे. ग्रेडिंगपर्यंत सारी प्रक्रिया पार पाडावी. आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवून कोणतीत ओठ अधिक स्पष्ट वाचता येतात ते पाहावे. एका प्रसंगाच्या मध्येच प्रोफाइल बदलू नये. प्रसंग बदलताना बदलल्यास वेळेसह तशी नोंद करावी. दोन कॅमेरे असतील तर एकाच प्रसंगात दोहोंवर एकच वक्र असावा.

मार्गशीर्षातील त्या रात्री अणदूरहून देव निघतो, तेव्हा त्याच्या मुक्कामाविषयी करार झालेला असतो : कोठे, किती दिवस, आणि परत कधी. लॉगमध्ये साठविलेल्या चित्रासही असाच करार हवा. ते कोणाकडे जाणार, तेथे त्याचे काय होणार, आणि ज्यांचे ते आहे त्यांच्याकडे केव्हा परतणार, हे आधी लिहून ठेवता येत असेल तर लॉग घ्यावा. लिहून ठेवता येत नसेल, तर कॅमेऱ्यास त्याचा निर्णय तेथेच घेऊ द्यावा आणि अभ्यासकाने आपले लक्ष वाघ्याच्या शब्दांकडे द्यावे.